थिकनर, कापलेला कप आणि उथळ चमचा: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या जेवणात काही महिन्यांनी काय उपयोगी ठरलं

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाला पाणी पिताना ठसका लागत असेल, तर थेरपिस्ट सहसा तीन वस्तू सुचवतात: पेय दाट करणारी पावडर म्हणजे थिकनर, नाकाशी कापलेला कप आणि उथळ सिलिकॉनचा चमचा. तिन्ही काही महिने रोज वापरल्यावरचं मत असं, की सगळ्यात कामाची ठरली ती यादीत नसलेली चौथी वस्तू: मेडिकलमध्ये दहा-वीस रुपयांत मिळणारी १० मिलीची सिरिंज.

कारण साधं आहे. ‘जरा दाट करून द्या’ याचा अर्थ घरात जितकी माणसं तितका निघतो. सकाळी आईने केलेलं पाणी आणि दुपारी आजीने केलेलं पाणी यांत फरक पडला की मूल ठसकतं, आणि दोष पावडरीला जातो. आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी पेयांना ० ते ४ आणि खाण्याला ३ ते ७ असे स्तर देते. थेरपिस्टकडून स्तराचा आकडा लिहून घ्या आणि घरी तपासा. सिरिंजची सुई आणि दट्ट्या काढायचा, टोकाला बोट लावून १० मिलीपर्यंत पेय भरायचं, बोट काढून १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचं. आत १ मिलीहून कमी उरलं तर स्तर ०, म्हणजे साधं पाणी. १ ते ४ मिली उरलं तर स्तर १, ४ ते ८ मिली तर स्तर २. ८ च्या वर उरलं पण थोडं गळलं तर ३, काहीच गळलं नाही तर ४.

यात एक गोम आहे. ही चाचणी ज्या सिरिंजवर बसवलेली आहे, तिच्या ० आणि १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी असतं. बाजारातली प्रत्येक सिरिंज त्या मापाची नसते, म्हणून विकत घेतानाच पट्टी लावून बघा. टोकही साधं हवं, सुई फिरवून बसवायचं आट्याचं नको.

आता थिकनर. डब्याच्या मागे घटक वाचा, कारण बाजारात दोन जातीच्या पावडरी आहेत. स्टार्चवाली स्वस्त असते, पण ठेवलेल्या ग्लासात दाट होत जाते आणि तोंडात उलटं घडतं: लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडतं आणि पेय पातळ होतं. लाळ जास्त गळणाऱ्या मुलांना ही अडचण चांगलीच जाणवते, कारण उष्टा चमचा पुन्हा वाटीत बुडतो आणि जेवण संपेस्तोवर वाटीच पाणीदार होते. दुसरी जात झँथन गमची, तिच्यावर लाळेचा परिणाम होत नाही. महाग असली तरी आमचं मत झँथनच्या बाजूने आहे.

स्टार्चवाल्या पावडरीचा दुसरा धोका फार घरांत माहीत नसतो. या मुलांना बद्धकोष्ठ अनेकदा असतो, आणि त्यासाठी पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर सर्रास दिली जाते. ती स्टार्चने दाट केलेल्या पेयात मिसळली की पेय पाण्यासारखं पातळ होऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तान्ह्या बाळासाठी मात्र झँथनही परस्पर वापरू नका. अमेरिकेत २०११ मध्ये मुदतीआधी जन्मलेल्या बाळांबाबत, आणि २०१२ मध्ये कोणत्याही वयाच्या तान्ह्या बाळांबाबत, आतड्याच्या गंभीर आजाराच्या शक्यतेमुळे झँथनच्या एका थिकनरविषयी सावध केलं गेलं.

गुठळ्या होतात त्या बहुतेक वेळा पाण्यावर पावडर भुरभुरल्यामुळे. कोरड्या ग्लासात मोजलेली पावडर आधी घ्या, पाणी एकदम ओता आणि काट्याने अर्धा मिनिट जोरात ढवळा. प्रमाण कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात चालत नाही. पाणी दोन-चार मिनिटांत बसतं, दुधाला मात्र दहा-पंधरा मिनिटं लागतात. इथेच घोटाळा होतो: दूध पातळ दिसतं म्हणून आणखी पावडर पडते आणि थोड्या वेळाने त्याची खळ होते. पातळ राहिलंच तर वरून पावडर टाकू नका, दुसऱ्या ग्लासात जास्त दाट करून दोन्ही मिसळा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पावडर दमट होऊन गोळे धरते. लहान डबा घ्या आणि ओला चमचा आत घालू नका.

‘पावडर कशाला, नाचणीचं सत्त्व आहेच की,’ असं घरोघरी म्हटलं जातं. नाचणी उत्तमच. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण सत्त्वाची खीर म्हणजेही शेवटी स्टार्च, तेव्हा लाळेचा तोच नियम. शिवाय गरम असताना पळीवरून ओघळणारी खीर गार झाल्यावर थापली जाते, म्हणून देण्याच्या तापमानालाच तपासा. मोड आणून केलेलं पीठ आणखी वेगळं. त्यात मोडांमुळे तयार झालेलं अमायलेज असतं, खीर पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. पातळ नीट गिळणाऱ्या पण वजन न वाढणाऱ्या मुलाला हे वरदान आहे. ठसकणाऱ्या मुलाला तेच अडचणीचं.

जेवणात सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे वरणभात. मऊ दिसतो, पण पातळ वरण आणि सुटी शितं एकाच घासात आली की जिभेला दोन कामं एकदम करावी लागतात. वरण आधी घशात उतरतं आणि शितं मागे राहतात. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि दूध-पोहे यांचीही हीच गत. कुल्फी चमच्यावर घट्ट असली तरी तोंडात तिचं पातळ दूधच होतं. आमचं रोजचं प्रमाण असं: ३० ग्रॅम तांदूळ, १५ ग्रॅम सालाशिवायची मूगडाळ आणि थोडं गाजर, पाणी अडीचशे ते तीनशे मिली. कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या करून गरम असतानाच मिक्सरमधून काढायचं आणि मग २ चहाचे चमचे तूप. तुपाचे साधारण ९० कॅलरी धरून एकूण २४५ च्या आसपास होतात. तूप वगळलं तर वाटी तेवढीच, पण कॅलरी १५५. तूप चिकटपणाही मोडतं. फिरवलेला भात डिंकासारखा होतो, म्हणून चमचा तिरका करून बघायचा: घास अख्खा सुटून पडला पाहिजे. चमच्याला चिकटला तर टाळूलाही चिकटणार.

कापलेला कप मनापासून आवडला. साध्या ग्लासाचा काठ नाकाला टेकला की पुढचं पाणी पिण्यासाठी मान मागे जाते, आणि मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते. बोंडल्याने आडवं पाजण्यात हाच दोष आहे. विकतचा नाही मिळाला तर मऊ प्लास्टिकच्या ग्लासाला नाकाच्या बाजूने अर्धगोल कापा आणि कड पॉलिश पेपरने घासा. प्यायचं न कापलेल्या बाजूने. मूल बसलेलं हवं, पाय स्टुलावर टेकलेले, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. उभं राहून भरवलं की मूल वर बघतंच.

सिलिकॉन चमच्याबद्दल मत निम्मं-निम्मं. दातांत चमचा गच्च आवळणाऱ्या मुलाला स्टील लागतं, याने लागत नाही. पण हळदीने पिवळा पडतो, आणि दातांचे व्रण उठले की तुकडा तुटायची भीती असते. व्रण दिसला की टाकून द्या. मुलाने चमचा धरून ठेवला तर ओढू नका, जबडा सैल पडेपर्यंत थांबा. वरच्या दातांवर घास खरवडून ठेवायची सवय मोडायला वेळ लागतो, मोठ्यांची. चमचा जिभेवर हलका दाबून ओठ मिटायची वाट बघायची.

ठसका लागत नाही म्हणून थिकनर परस्पर बंद करू नका. काही मुलांत पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. जेवणानंतर ओलसर, घरघरता आवाज किंवा वारंवार न्यूमोनिया ही त्याची खूण असू शकते. दाट पाणी मुलं कमी पितात, तेव्हा लघवीचा रंग गडद होतोय का तेही बघत जा. एक जेवण रोज अर्ध्या तासाच्या वर लांबत असेल तर वस्तू बदलून भागणार नाही, तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच कामासाठी आहेत. जाताना वजनाची वही न्या. उभं न राहणाऱ्या मुलाची उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावरून काढतात: सेंटिमीटरमधलं माप गुणिले २.६९, अधिक २४.२. माप ३० भरलं तर उंची सुमारे १०५ सेंटिमीटर.