केईएफ एलएस५० मेटा की व्हार्फडेल लिंटन : कानाला पटेल आणि हॉललाही शोभेल असा स्पीकर

स्पीकर आधी कानाने निवडायचा आणि दिसण्याचं नंतर बघू, असं हाय-फायवाले नेहमी सांगतात आणि मला ते अजिबात पटत नाही. घरात नेमकं काय होतं बघा, दिसायला आवडला नाही की स्पीकर हळूहळू सरकायला लागतो, आधी भिंतीला टेकतो, मग कोपऱ्यात जातो, मग त्याच्यापुढे कुंडी येते, शेवटी कपाटावर चढतो, आणि तिथे गेल्यावर तुम्ही जे ऐकता तो त्या कोपऱ्याचा आवाज असतो, स्पीकरचा नाही. म्हणजे जो स्पीकर घरातल्या सगळ्यांना समोर, मोकळ्यावर, भिंतीपासून जरा पुढे उभा असलेला चालेल तोच नीट वाजणार. त्यामुळे दिसणं हा माझ्या लेखी आवाजाचाच भाग आहे आणि हे दोन्ही जोड मी त्याच हिशोबाने ऐकलेत, म्हणजे बघितलेतही.

दोन्ही स्टँडवर ठेवायचे, दोन्ही मूळ इंग्लंडच्या कंपन्यांचे, बाकी साम्य शोधावंच लागेल. व्हार्फडेल १९३२ ची, केईएफ १९६१ ची. केईएफने पन्नाशी पूर्ण झाल्याबद्दल २०१२ मध्ये एलएस५० काढला, त्यामागे बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची प्रेरणा होती, जो सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये, अगदी चिंचोळ्या जागेत बसून ऐकण्यासाठी केला होता. मेटा ही त्याची २०२० ची आवृत्ती. लिंटन हे नाव १९६५ चं, आणि मी ऐकला तो २०१९ मध्ये नव्याने आणलेला. एक लहान खोलीचा वारसा घेऊन आलेला आणि दुसरा मोठ्या दिवाणखान्याचा, आणि हे दोघांच्या अंगात मुरलेलं आहे.

दिसण्यापासूनच सुरू करतो. एलएस५० मेटा जेमतेम ३० सेंटिमीटर उंच आणि २० रुंद, पुढचा चेहरा सपाट नाही, फुगीर आहे, आणि बरोब्बर मध्ये एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा गोल पडदा, आणि त्याच्या पोटात वरचे सूर वाजवणारा ट्विटर. जाळी सोबत येत नाही, हवी असेल तर वेगळी घ्यावी लागते. रंग मॅट आहेत, काळा, राखाडी, पांढरा आणि गडद निळा, त्यातला राखाडी लाल ड्रायव्हरसकट येतो आणि तो खोलीत गेल्या गेल्या नजर खेचतो. ज्यांचं घर पांढऱ्या भिंती, सरळ रेषा, कमी सामान असं आहे त्यांनी पांढरा घ्यावा, तो भिंतीत मिसळून जातो. मॅट रंगाचा मोठा फायदा म्हणजे समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही, चकाकणाऱ्या काळ्या पियानो फिनिशवर बोटांचे ठसे आणि धूळ दोन्ही दिसतात, मी तरी ते फिनिश कुणाला सुचवणार नाही.

लिंटन म्हणजे याच्या बरोबर उलटा प्रकार. साडेछप्पन्न सेंटिमीटर उंच, ३० रुंद, एकेक नग १८ किलोच्या वर, अक्रोड किंवा महोगनीचं खरं व्हिनियर म्हणजे लाकडाचा पातळ थर, पुढे काळी कापडी जाळी, आणि सोबतच्या ठेंगण्या स्टँडमध्ये एलपी रेकॉर्ड उभ्या ठेवायला कप्पा. हा लपत नाही आणि त्याने लपूही नये, हे फर्निचर आहे. लाकडी कपाट, पुस्तकं, जाड गालिचा असलेल्या खोलीत तो असा बसतो की जणू तिथलाच आहे, पण सगळं काच आणि स्टील असेल तिथे उपरा वाटतो. व्हिनियरबद्दल एक लक्षात ठेवा, रोजचं थेट ऊन पडलं की खऱ्या लाकडाचा रंग बदलतो, आणि जोडीतल्या एकावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असेल तर काही वर्षांत दोन वेगळे रंग दिसायला लागतात, म्हणून खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. आणि स्वस्तातल्या स्पीकरवर लाकडासारखं दिसतं तो बहुतेक वेळा विनाइलचा कागद असतो, कडेला नख लावलं की जोड कळतो.

आता आवाज. एलएस५० मेटामध्ये ट्विटर खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरच्या मध्यभागी आहे, केईएफ याला युनि-क्यू म्हणते आणि १९८८ पासून हेच करत आलीय. याचा परिणाम असा की खालचे-वरचे सूर एकाच बिंदूतून निघतात, त्यामुळे तुम्ही सोफ्याच्या मधोमध बसा किंवा कडेला, बसा किंवा उभे राहा, गाणाऱ्याचा चेहरा जागेवरून फारसा हलत नाही. तानपुऱ्याची तार छेडल्यावर जो स्वर हवेत पसरतो तो यावर अगदी नितळ ऐकू येतो, दोन गायिका एकत्र गात असतील तर कोण कुठे उभी आहे ते डोळे मिटून दाखवता येतं. मेटा हे नाव ट्विटरच्या मागे बसवलेल्या चक्रव्यूहासारख्या चकतीमुळे आलं, मागे जाणारा नको असलेला आवाज ती ९९ टक्के शोषते असा कंपनीचा दावा आहे. टक्केवारी कानाने मोजता येत नाही पण वरचे सूर तासन्‌तास ऐकूनही टोचत नाहीत हे मात्र खरं.

पण भौतिकशास्त्र कुणालाच सुटत नाही. सव्वापाच इंचाच्या एका ड्रायव्हरकडून मोठा डग्गा, ऑर्गन, ड्रमचा खालचा ठोका पूर्ण भरून येणार नाही, कंपनीचाच आकडा बघितला तर आवाजाची पातळी ३ डेसिबलच्या आतबाहेर ठेवून तो ७९ हर्ट्झपर्यंत उतरतो (हर्ट्झचा आकडा जितका लहान तितका सूर खालचा). संवेदनशीलता, म्हणजे सारख्याच सिग्नलवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, ८५ डेसिबल, त्यामुळे अँप्लिफायर (अँप) जरा दमदार लागतो. लिंटन ८ इंचाचा वूफर, मधल्या सुरांसाठी ५ इंचाचा मिडरेंज, १ इंचाचा ट्विटर असा तीन भागांचा आहे, ४० हर्ट्झपर्यंत जातो आणि संवेदनशीलता ९० डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढवायला पॉवर दुप्पट लागते हे धरलं तर ५ चा फरक कमी नाही, व्हॉल्यूमचा नॉब त्याच जागी ठेवून लिंटन बराच मोठा वाजतो आणि छोट्या अँपवरही मोकळा वाटतो. फक्त त्याचा विद्युत रोध ६ ओहमचा आहे आणि मध्येमध्ये त्याहून खाली जातो, म्हणून ४ ओहमचा भार पेलणारा अँप असलेला बरा.

लिंटनचा आवाज मला जास्त आवडतो ते पुरुषाच्या भारदस्त आवाजात आणि चेलोमध्ये, छातीतून येणारा जो भाग असतो तो इथे खऱ्या मापाचा वाटतो, एलएस५० तोच गायक थोडा लहान करून दाखवतो. उलट बारीक तपशील, श्वास, मुरकीतला प्रत्येक कण यात केईएफ पुढे. आणि लिंटन जाळी लावूनच ऐकायचा म्हणून तयार केलाय हे मला फार आवडलं, कारण बहुतेक स्पीकरची जाळी काढा मग आवाज खुलतो असं सांगतात, मग लहान मुलांची बोटं थेट ट्विटरच्या घुमटावर जातात आणि तो चेपला की संपलं. मुलं किंवा मांजर घरात असेल तर फक्त या एका कारणासाठी लिंटनला एक गुण जास्त.

आता खोली, खरा निकाल तिथेच लागतो. दोन्ही स्पीकरची पोर्ट, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी भोकं, मागच्या बाजूला आहेत, म्हणजे मागे हवा लागते. खालचे सूर स्पीकरच्या चारी बाजूंना पसरतात, भिंत जवळ आली की परत फिरून मूळ आवाजात मिसळतात आणि बास फुगतो, कोपऱ्यात तर दोन भिंती आणि जमीन तिन्ही मिळून फुगवतात. (कोपऱ्यासाठीच जन्मलेला स्पीकरही आहे, १९४६ चा क्लिपशहॉर्न, तो खोलीचा कोपराच स्वतःच्या भोंग्याचा भाग म्हणून वापरतो, पण असे कोपरे मोकळे असलेलं घर किती जणांचं असणार.) लिंटन भिंतीपासून निदान ४०-५० सेंटिमीटर पुढे हवा, अगदी चिकटवला तर डग्गा आणि बास गिटार यांचा एकच गोळा होतो. एलएस५० जवळ ठेवला तरी निभावतो कारण त्याच्याकडे मुळातच खालचा भाग कमी आहे, भिंतीचा थोडा आधार त्याला मानवतो सुद्धा.

दुसरी गोष्ट खोलीच्या मापाची. ४ मीटर लांब खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या लांबीत घुमतो, ३ मीटर रुंदी असेल तर ५७ च्या आसपास. लिंटन तिथपर्यंत जोरात पोचतो म्हणून खोलीचं घुमणं जागं करतो, एलएस५० त्या आधीच उतरायला लागलेला असतो म्हणून लहान खोलीत तो जास्त स्वच्छ वाटतो. लहान खोलीत लहान स्पीकर हा सल्ला कंजूषपणाचा नाही, त्याला असं ठोस कारण आहे. शिवाय लिंटनच्या तिन्ही ड्रायव्हरचा आवाज एकजीव व्हायला अंतर लागतं, दोन-अडीच मीटरच्या आत बसणार असाल तर मी तो घेणारच नाही.

बुकशेल्फ म्हणतात म्हणून एलएस५० थेट पुस्तकांच्या फळीत घालायचा विचार असेल तर थांबा, तो पुढून मागे जवळपास २८ सेंटिमीटर आहे, मागे केबलला जागा हवी, पोर्टला श्वास घ्यायला जागा हवी, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या नेहमीच्या फळीत तो गुदमरतो. स्टँड घ्याच. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा, साधारण ९० ते १०० सेंटिमीटर, सोफा ठेंगणा असेल तर त्याहून कमी, टेप घेऊन मोजा. स्टँडचा खर्च वाचवायला डगमगतं टेबल वापरू नका, दिसायलाही वाईट आणि बासही ढिला पडतो.

मी सगळ्यांना एक गोष्ट करायला सांगतो ती म्हणजे घ्यायच्या आधी त्याच मापाचे पुठ्ठ्याचे खोके स्टँडच्या उंचीवर, जिथे स्पीकर येणार बरोबर तिथे ठेवून द्यायचे आणि आठवडाभर घर नेहमीसारखं वापरायचं. दार उघडताना अडतंय का, टीव्ही झाकला जातोय का, केरसुणी फिरते का, कुणी ते खोके गुपचूप भिंतीकडे सरकवतंय का हे आपोआप कळतं. लिंटनचे आकडे कागदावर वाचताना एवढे मोठे वाटत नाहीत, खोके ठेवले की वाटतात.

दुकानात ऐकताना मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हे मी दिसण्याची एवढी बाजू घेऊनही म्हणतोय. हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्यामागे ठेवून ऐकवले होते, आणि दिसले की लोकांचे गुण बदलले, इतकंच नाही तर स्पीकर खोलीत हलवल्याने आवाजात पडणारा फरकही दिसत असताना कमी जाणवला. म्हणून सोबतच्याला स्विच फिरवायला सांगा, स्वतः डोळे मिटा, आणि दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर आणा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो आणि इथे तर दोघांत ५ डेसिबलचा फरक आहे, नॉब न हलवता ऐकलं तर लिंटन उगाच जिंकेल. गाणी स्वतःची न्या, रोज ऐकता तीच, आणि एखादा साधा बोलण्याचा भाग जरूर ऐका, माणसाच्या बोलण्यातली खोट लगेच पकडता येते.

खोली उघडी-बोडकी असेल, फरशी, काच आणि मोकळ्या भिंती, तर दोन्हींपैकी कुठलाही आणा, वरचे सूर कडक होणारच. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये गालिचा, खिडकीला जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट एवढ्यावर जो फरक पडतो तो महागड्या केबलने पडत नाही, आणि हे तिन्ही घरात तसंही छानच दिसतं. बाजूच्या भिंतीवर कुठे काय लावायचं ते शोधायला एकाने आरसा भिंतीला धरून सरकवायचा, सोफ्यावरून जिथे स्पीकर आरशात दिसेल ती जागा.

माझा कौल असा. बैठक दोन मीटरवर, मागे भिंत जवळ, खोली लहान किंवा सजावट साधी-आधुनिक असेल तर डोळे झाकून एलएस५० मेटा. हॉल मोठा, स्पीकर पुढे ओढायला जागा, घरात लाकूड आणि रेकॉर्ड असतील तर लिंटन, आणि माझ्या हॉलमध्ये हीच परिस्थिती असल्याने मी लिंटन ठेवलाय, अक्रोड रंगातला. एलएस५० घेऊन नंतर बास कमी वाटला तर फक्त खालच्या सुरांसाठीचा छोटा सबवूफर जोडता येतो, त्याची कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खालचेच सूर तो वाजवेल ती मर्यादा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि शक्यतो दोन्ही स्पीकरच्या मधल्या पट्ट्यातच बसवा, तो सोफ्यामागे लपवला तर डग्गा पाठीमागून वाजल्यासारखा वाटू शकतो.