वर्डकॅम्प: भाषणं राहू द्या, हॅपिनेस बार गाठा

माझा गोड्या मसाल्याचा ऑनलाइन धंदा वूकॉमर्सवर चालतो, म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरला दुकान जोडून देणाऱ्या प्लगइनवर. म्हणून पुण्यात वर्डकॅम्पला, वर्डप्रेस वापरणाऱ्यांच्या संमेलनाला गेले. भाषणं नंतर वर्डप्रेस टीव्हीवर फुकट बघता येतात, त्यामुळे माझा मुक्काम 'हॅपिनेस बार'पाशी. तिथे स्वयंसेवक आपली साइट उघडून अडचण सोडवून देतात, पैसे घेत नाहीत. पाव किलोच्या आणि किलोच्या पाकिटाला माझ्याकडे एकच कुरिअर खर्च लागत होता. तिथल्या एका मुलानं शिपिंग क्लास, म्हणजे कुरिअर खर्चासाठी मालाचे गट, वेगळे केले, पिनकोडप्रमाणे झोन, म्हणजे डिलिव्हरीचे विभाग, लावायलाही शिकवलं. जेवणाच्या रांगेत पाकिटं छापणारे एक काका भेटले. आता माल त्यांच्याकडूनच घेते. स्टॉलवर मात्र टी-शर्टसाठी झुंबड, कामाचं कोण बोलणार! व्हिजिटिंग कार्डापेक्षा मसाल्याच्या पुड्या न्या, वासानंच माणसं थांबतात.