हेवी लायसन 'घरपोच' आलं आणि नोकरी हातची गेली

सहा वर्षं मी पिकअप चालवली. चारचाकीचं लायसन २०१६ चं, स्वतः ट्रायल देऊन काढलेलं. कंटेनरवर पगार बरा आणि भत्ता वेगळा, म्हणून हेवी काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. अडचण एकच होती. मला लाल आणि हिरव्यात कधीकधी गफलत होते. सिग्नल कळतो, पण रंग ओळखायच्या तपासणीतल्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे सगळे दिसत नाहीत.

हे मी टपरीवर बोललो आणि तिथंच फसलो. शेजारी बसलेला एजंट म्हणाला, "भाऊ, रंगाची भानगड असेल तर तुम्हाला जन्मात हेवी मिळत नाही. माझ्याकडून करा. मेडिकल नाही, ट्रायल नाही, पंधरा दिवसांत घरपोच." भाव बावीस हजार. आरटीओच्या जुन्या वहीतल्या नोंदी आता ऑनलाइन चढवतात, त्यात तुमचं नाव बसवतो, असं त्यानं सांगितलं. ऐकायला इतकं सरकारी वाटलं की मी दहा हजार तिथंच फोनवरून पाठवले. आधारची झेरॉक्स दिली, दोन फोटो दिले आणि माझं खरं लायसनसुद्धा त्याच्या हातात ठेवलं. ही अक्कल कुठून आली, देव जाणे.

कार्ड कुरिअरनं आलं. चिप, फोटो, सगळं जागच्या जागी. उरलेले बारा हजार त्याच संध्याकाळी दिले. आईनं कार्ड दोन दिवस देवघरात ठेवलं होतं.

कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. सुपरवायझर वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही. लायसनच्या नंबरखालून पेन फिरवत नेलं आणि मध्येच थांबवलं. एमएच, मग आरटीओचे दोन आकडे, मग चार आकडे वर्षाचे. माझ्या कार्डावर तिथं २००८ होतं. पेन खाली जन्मतारखेवर आलं : १९९४.

"चौदाव्या वर्षी हेवी चालवत होता का तुम्ही? वीस पूर्ण झाल्याशिवाय कुणाला मिळत नाही. त्याच्याआधी चारचाकीचं लायसन वर्षभर जुनं लागतं."

मी गप्प. त्यांनी परिवहनच्या साइटवर नंबर आणि जन्मतारीख टाकली. नोंदच नाही. असा ड्रायव्हर ठेवला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाचीच जास्त लाज वाटली.

पुढचं ऐकून तर पोटात गोळाच आला. त्यांच्याकडे लहान टेम्पोवर एक जागा रिकामी होती. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर चारचाकीच्या लायसनवर मालवाहू गाडी चालते. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये हे सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांनी तेच कायम केलं. म्हणजे माझं जुनं लायसन पुरलं असतं. "पण खोटं कार्ड टेबलावर ठेवलेल्या माणसाला चावी कशी देऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावी परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तेच ठिपक्यांचं पुस्तक काढलं. दोन पानं चुकली. म्हणाले, दोष सौम्य आहे. जून २०२० मध्ये नियम बदलला, तेव्हापासून सौम्य आणि मध्यम रंगदोष असला तरी लायसन मिळतं, अडतं ते तीव्र दोषाला. ज्या गोष्टीला घाबरून बावीस हजार घालवले, ती अडचण नव्हतीच. कुणाला फिट येत असेल तर मात्र फॉर्ममध्ये लपवू नका, तो प्रश्न तिथं सरळ विचारलेला असतो.

आता जुन्या लायसनच्या डुप्लिकेटला अर्ज केलाय आणि ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलंय. हेवीला शाळेचं फॉर्म ५ चं प्रमाणपत्र लागतं. तेही 'न शिकता' विकणारे भेटतात, तेव्हा सावध राहा. कुणी कार्ड आणून दिलं, तर उरलेले पैसे देण्याआधी नंबर स्वतः साइटवर टाकून बघा.

एजंटचा फोन बंद आहे. तक्रार द्यायला जायचं म्हणून त्यानं फसवलेले आम्ही चौघं त्याच टपरीवर जमलो आणि कार्डं शेजारी शेजारी मांडली. फोटो चार, नावं चार. दोन कार्डांवर लायसन नंबरचे शेवटचे सात आकडे एकच होते.