पिचर कधी काढायचा? आठ डॉलरचा काउंटर, वापरून पाहिलेला

आम्ही बॉस्टनजवळ राहतो. लेक अकरा वर्षांचा, लिटल लीग म्हणजे मुलांचं बेसबॉल खेळतो. मला बेसबॉल कळतो असं कोचला का वाटलं देव जाणे, पण या सीझनला पिचरचे, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचे, चेंडू मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधी सासूबाईंचा बोटात घालायचा जपाचा काउंटर नेला. त्याचं शून्याचं बटण मोजायच्या बटणाला इतकं खेटून, की तिसऱ्या इनिंगला अंगठा घसरला आणि २८ चेंडू रामार्पण झाले.

मग हा स्टीलचा मागवला. चार आकडे, बोट अडकवायला कडी, अंगठ्याखाली दांडी. दाबली की ‘टक्’ असा खणखणीत आवाज येतो, त्यामुळे नजर माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, हलवावी लागत नाही. शून्य करायला बाजूची मूठ फिरवावी लागते, चुकून होत नाही. म्हणजे हातात असताना. जॅकेटच्या खिशात ती अस्तरात अडकून एकदा फिरलीच.

एवढा आटापिटा का? लिटल लीगच्या नियमाने अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा. ६६ टाकले की चार दिवस सुट्टी, ६५ वर थांबला तर तीन. आणि ४१ टाकलेल्याला त्या दिवशी कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं राहता येत नाही. आमचा बरा पिचर तोच बरा कॅचर, त्यामुळे कोचचं सगळं लक्ष चाळिशीवर.

गेल्या शनिवारी माझा आकडा ३८ असताना नवा बॅटर आला. फाउल, फाउल, बॉल, पुन्हा फाउल... तो बाद होईपर्यंत ४३. कोचने पिचर बदलला, पोराने कॅचरचे पॅड बांधायला घेतले, आणि समोरची मंडळी अंपायरकडे धावली. नियम असा, की चाळिसावा चेंडू ज्या बॅटरला पडला त्याच्यापुरतं पुढे टाकलं तर चालतं. पण तो बॅटर कितीवर आला होता, हे काउंटर सांगत नाही. मी सवयीने वहीत ‘३८’ लिहिलं होतं म्हणून निभावलं. म्हणून सांगते, काउंटरसोबत पेन्सिल हवीच.

आणि पिचर दमलाय का, हेही काउंटर सांगत नाही. आमच्या पोराचा कोपर खाली यायला लागतो, चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जातात, दोन चेंडूंमध्ये उगाच टोपी नीट करतो. कधीकधी हे पन्नाशीच्या आतच दिसतं. मोठ्यांचंही तेच. २००३ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सचा मॅनेजर ग्रेडी लिटल आठव्या इनिंगला माउंडवर जाऊन पिचर पेड्रो मार्टिनेझला तसाच ठेवून परतला. ५-२ ची आघाडी गेली, पेड्रो १२३ चेंडूंवर थांबला. आमच्या ऑफिसात हा विषय अजून काढायची सोय नाही. उलट २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या अंतिम मालिकेत, पिचर ब्लेक स्नेल भन्नाट टाकत असताना टँपा बे रेजचा मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला ७३ वरच काढला, आणि तीही मॅच गेली.

घ्यायचा तर दोन घ्या, दोन संघांना दोन. एकाला लाल टेप गुंडाळा. पाच पैकी चार तारे, एक त्या मुठीसाठी कापला.

सासूबाईंचा परत दिला. त्या २८ चा हिशोब त्या अजून विचारतात.