आठ महिने बल्ब बदलून बघितले, वॅट बघून घेऊ नका

घरात साधा पिवळा बल्ब, सीएफएल आणि एलईडी असं तिन्ही एकत्र नांदत होतं, म्हणून म्हटलं खरंच किती फरक पडतो ते एकदा बघूच. आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही.

आधी खर्चाचं. किचनमध्ये रोज साधारण 5 तास लाईट चालू असतो. 60 वॅटचा पिवळा बल्ब होता तेव्हा महिन्याला 9 युनिट, 14 वॅटचा सीएफएल लावला तर 2.1, आणि 9 वॅटचा एलईडी लावला तर 1.35. म्हणजे खरी बचत पिवळा काढला की होते, सीएफएलवरून एलईडीवर गेलं की महिन्याला एक युनिटसुद्धा वाचत नाही. मी उत्साहात दोन चांगले चालणारे सीएफएल काढून टाकले होते, ते मुकाट्याने परत लावले!

उजेडाची गंमत वेगळीच. दोन एलईडी आणले, दोन्ही 9 वॅटचे, एक हॉलमध्ये एक बेडरूममध्ये, आणि बेडरूममध्ये आपलं अंधारल्यासारखंच वाटायचं, मला वाटलं भिंतीचा रंग गडद आहे म्हणून असेल, शेवटी खोकी शोधून बघितली तर एकावर 900 लुमेन आणि दुसऱ्यावर 700. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो, उजेड किती देतो ते लुमेनवरून कळतं. जुना 60 वॅटचा पिवळा 700 ते 800 लुमेन द्यायचा, तेवढा अंदाज धरला तरी पुरे.

बेडरूमला 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा) पांढराफट घेतला ही दुसरी चूक, रात्री दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं. आता 2700 चा पिवळसर लावलाय. आणि सीआरआय नावाचा एक आकडा असतो तोही बघा, रंग किती खरे दिसतात त्याचा. माझ्या स्वस्तातल्या बल्बखाली काळा मोजा कुठला आणि निळा कुठला कळतच नव्हतं, एकदा एकेक घालून बाहेर पडलो. 90 च्या वरचा लावला आणि प्रश्न मिटला.

तक्रार एकच, पण मोठी. पॅसेजमध्ये काचेच्या बंद डोममध्ये लावलेला एलईडी चौथ्या महिन्यात लुकलुकायला लागला, काढायला गेलो तर बुडाशी हात लावता येईना इतका तापलेला. खोक्यावर 25000 तास लिहिलेलं, म्हणजे रोज 5 तासांच्या हिशोबाने तेरा वर्षांच्या वर! उघडून बघितला तर आतला कपॅसिटर फुगलेला. आतले एलईडीचे बारीक दिवे सहसा लवकर जात नाहीत, पण बुडातला ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारं सर्किट, ज्यात हा कपॅसिटर असतो, ते उष्णतेने मरतं. बंद डोमला चालेल असं लिहिलेलाच घ्या, नाहीतर डोम काढून ठेवा. मी डोम काढला, दिसायला बरं दिसत नाही पण नवीन बल्ब अजून नीट चालू आहे.

बाथरूमला मात्र सीएफएल नकोच. पूर्ण उजेड यायला मिनिटभर लागतो, तोवर आपलं काम उरकलेलं असतं, आणि सारखं चालू-बंद केलं की त्याचं आयुष्यही कमी होतं. तिथे एलईडी, बाकी उरलेले दोन सीएफएल माळ्यावर आणि बाल्कनीत जाईपर्यंत चालवणार. गेले की ई-कचऱ्यात, कारण आत थोडा पारा असतो, फोडून कचऱ्यात टाकू नका.