मोठ्या संस्थेचं फिल्ड ऑफिस की मिशनचा दवाखाना? एमएसडब्ल्यूवाल्यांनी इंटर्नशिप कुठे करावी

फेब्रुवारी लागला की एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सच्या, ज्युनियर मंडळींचे मेसेज सुरू होतात, "दादा ब्लॉकला कुठं टाकू" (ब्लॉक म्हणजे शेवटची सलग इंटर्नशिप), आणि त्यातले निम्मे तरी याच दोन टाइपच्या जागांमध्ये अडकलेले असतात. एकीकडे मोठी ख्रिश्चन संस्था, पुण्यात ऑफिस, तालुक्याला फिल्ड ऑफिस, वेबसाइट, एचआर वगैरे सगळं. दुसरीकडे जुन्या मिशन कंपाउंडमधला छोटा दवाखाना आणि त्याचा कम्युनिटी हेल्थ विभाग, ज्याची वेबसाइट असलीच तर कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी बनवून सोडून दिलेली. मी दोन्हीकडे राहून आलोय. पहिल्या वर्षाला दिवाळीनंतर सहा आठवडे मोठ्या संस्थेत, आणि शेवटचं ब्लॉक प्लेसमेंट एप्रिल-मेमध्ये दवाखान्यात. दोन्ही जागा नगर-बीडच्या सीमेवरच्या, म्हणजे दुष्काळ, ऊसतोड, ज्वारी सगळं सारखंच. नावं घेत नाही, दोन्हीकडची माणसं आजही फोन उचलतात माझा आणि ते तसंच राहू दे.

आधी घरच्यांच्या प्रश्नाचं उरकून टाकतो, कारण माझ्या आईने पण हेच विचारलं होतं, "तिकडं धर्माचं काही करायला लावत नाहीत ना रे?" मला दोन्हीकडे कुणी काही करायला लावलं नाही. सकाळी उपासना असते, पंधरा-वीस मिनिटं, बसलात तर बसलात. मोठ्या संस्थेत ती बरीचशी इंग्रजीत आणि प्रोजेक्टरवर, दवाखान्यात पेटी आणि टाळ. आमच्या घरी वारी आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी ती चाल ऐकून मी जरा चमकलोच, भजन ख्रिस्ताचं आणि चाल थेट अभंगाची. नंतर तिथल्या मेट्रन बाईंनी सांगितलं की यातली बरीच पदं ना. वा. टिळकांची, म्हणजे आपण शाळेत ज्यांना रेव्हरंड टिळक म्हणून शिकलो तेच, त्यांचं बरंचसं आयुष्य नगरमध्येच गेलं. पण एक गोष्ट अर्ज करायच्या आधी बघा, काही संस्था फॉर्मसोबत पाळकांचं शिफारसपत्र मागतात. तिथे आपण ख्रिश्चन नसू तर सरळ फोन करून विचारलेलं बरं, त्यात ऑकवर्ड काही नाही.

आता मोठ्या संस्थेचं खरंच चांगलं काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा ठरवूनच बसलाय. पहिले दोन दिवस फक्त बालसुरक्षेचं ट्रेनिंग झालं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आम्ही क्लासमध्ये परीक्षेपुरता वाचला होता, २०१२ चा एवढं लिहायचं आणि पुढे जायचं. इथे त्यांनी एकेक प्रसंग घेऊन बसवलं, मुलाला एकट्याला खोलीत भेटायचं नाही, स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढायचा नाही, पालकांची सही कशी घ्यायची, मूल काही सांगायला लागलं तर मधे काय बोलायचं नाही. ते मला आजच्या नोकरीत रोज उपयोगी पडतं. दवाखान्यात असलं काहीच नव्हतं, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात हीच पॉलिसी, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर नाही. शिवाय मोठ्या संस्थेत रिपोर्ट लिहायला शिकवतात, लॉगफ्रेम (प्रकल्पाच्या उद्दिष्टांचा तक्ता), बेसलाइन (कामाच्या आधीची पाहणी), एक्सेल. स्टायपेंड मिळतो, फार नाही पण मेसचं निघतं. सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी हातात. दवाखान्याचं सर्टिफिकेट मला अडीच महिन्यांनी आलं, त्यात आडनाव चुकलेलं, परत पाठवलं, मग परत आलं.

स्टायपेंडचं छोट्या जागांवर फार चिडू नका. २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला, तेव्हापासून त्या पैशातला प्रशासकीय खर्च पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणला आणि एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही असं झालं. आधी मोठ्यांकडून छोट्यांकडे जो ओघ यायचा तो तिथेच थांबला. आमच्या दवाखान्यात मला राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं, तेही नर्सिंगच्या मुलींच्या मेसमधून डब्यात, आणि मला त्यात काही कमी वाटलं नाही.

तर मग माझं कशावरून ठरलं? हसाल, पण गाडीवरून.

मोठ्या संस्थेच्या फिल्ड ऑफिसला एक बोलेरो होती. नियम असा की इंटर्नने फिल्डला ऑफिसच्याच गाडीने जायचं, एसटीने नाही, कुणाच्या टू-व्हीलरवर मागे बसून तर अजिबात नाही, इन्शुरन्सचा प्रश्न असतो. नियम चूक आहे असं मी म्हणणार नाही, उद्या काही झालं तर जबाबदारी त्यांचीच. पण गाडी एक आणि त्यात बसायचा क्रम ठरलेला. पुण्याहून कुणी साहेब आले की गाडी त्यांची. ऑडिट असलं की ऑडिटरची. देणगीदार पाहुणे आले की दोन दिवस आधी धुवायला आणि दोन दिवस नंतर पण धुवायलाच. पाण्याच्या टाकीचे पाइप न्यायचे असले की मागची सीट काढलेली. आणि या सगळ्यातून जागा उरली तर आम्ही दोघं इंटर्न. साडेनऊला बॅग पाठीला लावून व्हरांड्यात बसायचं, ड्रायव्हरकाका मान हलवायचे की समजायचं आज पण एक्सेल. मी डायरीत मोजलेत, सहा आठवड्यांत गावात पाय ठेवलेले दिवस अकरा. बाकी सगळे दिवस मी दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म टाइप करत होतो आणि कॉलेजच्या लॉगबुकात त्याला 'डॉक्युमेंटेशन' असं भारदस्त नाव देत होतो.

आणि ते अकरा दिवससुद्धा कसे, तर गाडी वेशीत शिरली की बातमी आधी पोचलेली. आपण खाली उतरेपर्यंत चार-पाच बाया आधारची झेरॉक्स घेऊन उभ्या, "कसली यादी आलीय", "घरकुलाचं काय झालं". एका आजीने मला रेशनकार्ड वाचून दाखवायला लावलं, मी दोनदा म्हणालो आजी माझ्याकडे कसलीच यादी नाही, मी शिकायला आलोय, तरी त्या माझ्या पेनाकडेच बघत बसल्या. आता या माणसाशी तुम्ही कसला डोंबलाचा रॅपो बिल्ड करणार? आणि चार वाजले की ड्रायव्हरकाका हॉर्न मारणार, अंधाराच्या आत ऑफिसला पोचायचा पण नियम.

दवाखान्यात गाडीच नव्हती. म्हणजे अँब्युलन्स होती, पण ती पेशंटची. पहिल्या दिवशी सिस्टरांनी मला एका आरोग्यसेविका ताईंच्या ताब्यात दिलं आणि म्हणाल्या, नऊच्या एसटीने जा. झालं ओरिएंटेशन. ताईंना बायकांच्या सवलतीचं अर्धं तिकीट, २०२३ पासून आहे ना ते, आणि मला पूर्ण, यावरून कंडक्टर दीड महिना मला चिडवत होता. ती एसटी सव्वानऊ-साडेनऊला गावात सोडायची आणि परतीची साडेचारला, मधे काहीच नाही. म्हणजे तुम्ही सात तास त्या गावात अडकलेले. ताईंचं काम अकरा-साडेअकरापर्यंत उरकायचं, बीपी बघणं, गरोदर बायांच्या घरी जाणं, आणि मग उरलेल्या दिवसाचं करायचं काय? कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं. लिंबाखाली बसायचं. भाकरी खायची. एसटीतून उतरलेल्या माणसाला कुणी यादी विचारत नाही, "कुणाचं पाव्हणं?" एवढंच विचारतात, आणि ताईंसोबत असलात की तेही विचारत नाहीत.

मला जे काही शिकायला मिळालं ते त्या अडकलेल्या तासांत, आणि त्याहून जास्त एसटीत. एकदा परतीच्या गाडीत एक बाई ताईंच्या शेजारी बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली, पिशवी (गर्भाशय) काढल्यापासून कंबर धरते, उसाची मोळी उचलवत नाही, पण उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) घेतलीय तर जावं तर लागणारच. वय माझ्या मोठ्या बहिणीएवढं असेल. मी मागच्या सीटवर, खिडकीतून बाहेर बघत बसलो, वळून बघायची हिंमत झाली नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवर २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली होती, त्यावर मी पहिल्या वर्षाला प्रेझेंटेशन दिलेलं, स्लाइड माझ्या चांगल्या झाल्या होत्या, सरांनी कौतुकही केलं होतं. ती बाई बोलेरोसमोर उभी राहून हे बोलली असती असं मला तरी वाटत नाही.

अर्थात या पद्धतीत दवाखान्याने नवीन काही शोधलंय असं नाही. आपल्या भागात जामखेडचं काम सगळ्यांना माहीत आहे, रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, १९७० मध्ये जामखेडला आले, आणि १९७९ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांनी आरोग्याचं काम गावातल्याच बायकांच्या हातात दिलं, त्यातल्या कित्येक तर अक्षरओळख नसलेल्या. क्लासमध्ये हे ऐकताना मला वाटायचं की डॉक्टर-नर्स मिळत नसतील म्हणून केलेली सोय असेल. ताईंसोबत फिरल्यावर कळलं की नर्सला जे कुणी सांगणार नाही ते ताईंना सांगतात, कारण ताईंची सून कुठली आणि ताईंवर कर्ज किती हेही त्या गावाला माहीत असतं.

आता माझ्या तुलनेतली एक मोठी खोट मीच सांगतो, कारण कुणीतरी कमेंटमध्ये सांगणारच. मी मोठ्या संस्थेत गेलो दिवाळीनंतर, म्हणजे कोयता निघून गेल्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेऊन सगळे कारखान्याकडे गेलेले, गावात म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कुत्री. दवाखान्यात गेलो एप्रिलमध्ये, तेव्हा सगळे परत आलेले, लग्नसराई, जत्रा, गाव भरलेलं. त्यामुळे मोठ्या संस्थेवर मी थोडा अन्याय करतोय हे शक्य आहे. तिथे एप्रिलमध्ये गेलेली एक मैत्रीण खूश होती, पण तिला गाडीचं विचारलं तर ती पण हसली.

ज्याला पुढे प्रोग्राम मॅनेजर, सीएसआर (कंपन्यांचा समाजकार्य विभाग), परदेशातलं मास्टर्स असल्या वाटेने जायचंय त्याने मोठ्या संस्थेत जावं, त्या लेटरहेडला वजन आहे हे मान्यच करावं लागेल, इंटरव्ह्यूत माझ्या दवाखान्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, दरवेळी समजावून सांगावं लागतं. मुलींनी राहायच्या सोयीचं दोन्हीकडे नीट विचारून घ्या, आमच्या दवाखान्यात नर्सिंग हॉस्टेल होतं म्हणून प्रश्न आला नाही, सगळीकडे असेलच असं नाही. आणि ज्याला मेच्या उन्हात फुफाट्यातून चालायचं नाही त्यानेही दवाखान्याच्या वाटेला जाऊ नये, मी दुसऱ्याच आठवड्यात सलाइनवर होतो, फायदा एवढाच की दवाखाना राहत्या खोलीपासून चाळीस पावलांवर.

पण कुठेही अर्ज करा, फोनवर स्टायपेंडच्या आधी एक विचारा, फिल्डला कसं जायचं असतं? "आमची गाडी आहे" असं उत्तर आलं तर किती आहेत तेही विचारा. आणि "एसटीने" असं आलं तर सुट्टे पैसे जवळ ठेवा, मशिनवर यूपीआय चालतं म्हणतात पण आमच्या रूटला घाट उतरेपर्यंत रेंज यायची नाही, आणि कंडक्टर पूर्ण तिकीटवाल्याला उधार देत नाही.