साताऱ्यातला चित्रकलेचा क्लास: वर्षभराचा अनुभव, पालकांसाठी

मुलगी आता नववीत आहे. आठवीत असताना तिने चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली, यंदा तिच्या पुढची इंटरमिजिएट. ज्या क्लासला जाते तो कसा आहे म्हणून सोसायटीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं, प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. नाव टाकत नाहीये कारण क्लास सरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे, बोर्ड पण लावलेला नाही, ज्यांना खरंच हवंय त्यांनी मेसेज करा. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला तेही सांगते.

आधी मार्कांचं बोलू कारण निम्मे पालक त्यासाठीच येतात आणि त्यात चूक काही नाही. कला संचालनालयाची ही शासकीय परीक्षा, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ वाढीव गुण, बीला ५, सीला ३. सात गुण म्हणजे टक्क्यात बराच फरक पडतो. पण त्यामुळे झालंय काय, की परीक्षा जवळ आली की जागोजागी क्रॅश बॅच निघतात. ओळखीतल्या एकीचा मुलगा अशाच एका बॅचला होता, तिथे स्मरणचित्राची, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायच्या दृश्याची, चार चित्रं पाठ करून घेतली, बस स्टॉप, भाजी मंडई, गणपती विसर्जन आणि झाडाखाली बसलेली मुलं. पेपरात विषय कुठलाही येऊ दे, माणसं तीच, फक्त मागचं दृश्य बदलायचं. ग्रेड मिळाली त्याला, पण आज त्याला समोर बसलेला माणूस काढ म्हटलं तर हात पुढे जात नाही हो.

आमच्या सरांकडे पहिले काही आठवडे कुठलंच चित्र बघून उतरवायचं नाही. मुलांना छोटी स्केचबुकं घेऊन मंडईत पाठवतात, आणि तिथे काय बघायचं तेही नेमकं सांगतात, बसलेल्या बाईचं वजन कुठल्या बाजूला पडलंय, क्रेट उचलणाऱ्या माणसाची पाठ कशी वाकते, तराजू धरलेल्या हाताचं कोपर कुठे येतं. मुलगी पहिल्या दिवशी रडवेली होऊन आली, म्हणाली माणसं थांबतच नाहीत. सरांनी सांगितलं थांबणार नाहीतच, तू फक्त पाठीची रेघ पकड आणि पुढच्या माणसाकडे जा. दिवाळीपर्यंत तिची वही अशा पाठींनी भरलेली होती, आणि त्यातली प्रत्येक पाठ वेगळी होती.

वस्तुचित्राचा, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचा, एक तास मी मागे बसून पाहिला. तांब्या, दोन वांगी आणि चुरगळलेला पांढरा नॅपकिन. सगळी मुलं हात सरळ लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेत होती. एका मुलाने तांब्याचं तोंड एकदम गोल काढलं होतं आणि बूड सपाट रेघेत. सरांनी रबर घेतलंच नाही हातात, तांब्या उचलून त्याच्या डोळ्यासमोर धरला आणि हळूहळू खाली नेत विचारलं, आता तोंड कसं दिसतंय, आता? मुलगा स्वतःच म्हणाला की खाली जाईल तसं ते गोल होत चाललंय. मग बूड तर तोंडाच्याही खाली आहे, ते सपाट कसं असेल? त्याने स्वतः पुसलं आणि परत काढलं. घरी येताना माझी मुलगी म्हणाली, आई नॅपकिनची सावली काळी नव्हती, वांग्याच्या बाजूला ती जांभळट होती. मी इतकी वर्षं नॅपकिन धुतेय, मला नाही कधी दिसलं ते.

एवढ्यासाठी पैसे भरते मी.

बाकी विषय पटकन सांगते. संकल्पचित्राला, म्हणजे नक्षीकामाला, पोस्टर कलरचा सपाट थर द्यायला शिकवलंय, रंग सायीइतका घट्ट नको आणि ताकासारखा वाहता नको, नाहीतर वाळल्यावर डाग दिसतात. कर्तव्य भूमिती (कंपास-पट्टीने आकृत्या काढणं) आणि अक्षरलेखन नीट करून घेतात, कंपास आणि टोकदार पेन्सिल नसेल तर त्या दिवशी बसूच देत नाहीत. वर्तुळाला स्पर्शिका काढणं दहावीच्या गणितात येतंच, तेव्हा तोही फायदा आहे, पण चित्रकला गणिताला उपयोगी पडते म्हणून शिकवायची असं कुणी म्हटलं की मला नाही पटत. भाषा काय आपण विज्ञानाला उपयोगी म्हणून शिकवतो का?

सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे औंधची सहल. आपल्याच जिल्ह्यात भवानी चित्रसंग्रहालय आहे, १९३८ मध्ये औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, आणि आपल्यातले कितीतरी जण तिथल्या यमाई देवीला जाऊन परत येतात पण आत पाऊल टाकत नाहीत. स्वतः चित्रं काढणारा राजा होता हा. तिथे राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल हे शिल्प आहे. सरांनी प्रत्येकाला एकच चित्र निवडून त्याच्यासमोर अर्धा तास बसायला लावलं, मोबाईल बंद. नंतर विचारलं उजेड कुठून येतोय, साडीची कडा कुठे हरवते आणि कुठे परत दिसते. मुलं बोलत सुटली होती, बसमध्येही तेच चालू.

आता अर्धा स्टार का कापला. संध्याकाळची बॅच ट्यूबलाइटमध्ये असते, वरून उजेड पडला की सावल्या पसरट होतात, शेडिंग शिकायचं तर खिडकीजवळचा उजेड लागतो, म्हणून जमलं तर शनिवारची सकाळची बॅच घ्या. ऑगस्टनंतर मुलांची संख्या वाढते, मागच्या रांगेतल्यांना वस्तू नीट दिसत नाहीत. चुकलेला तास भरून देत नाहीत. फी महिना ९०० आहे, कागद, ब्रश, रंग वेगळे, आणि ब्रशच्या बाबतीत स्वस्तातला घेऊ नका, दोन नंबर, चार नंबर आणि एक चपटा असे चांगले तीनच घ्या, केस गळणाऱ्या डझनभर ब्रशांपेक्षा ते पुरतात.

पण हे ९०० रुपये सगळ्यांना जमत नाहीत ना, आणि मला खरं बोलायचंय ते याबद्दल. सर दोन-तीन मुलांकडून काहीच घेत नाहीत. त्यातल्या एकाची आई मंडईत बसते, त्या मुलाचा हात सगळ्या बॅचमध्ये उजवा आहे हे कुणीही सांगेल. तो इथे पोचला तो योगायोगाने, सरांनी त्याला पाटीवर खडूने काढताना पाहिलं म्हणून. त्याच्या शाळेत काय परिस्थिती आहे माहीत नाही, माझ्या मुलीच्या शाळेत वेळापत्रकात चित्रकलेचे तास आहेत पण चाचणी आली की ते गणिताला जातात, आणि वर्षातून एकदा पावसाळ्याचं चित्र काढून घेतात. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, असावा असं लिहिलेलं आहे, २०२० च्या राष्ट्रीय धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं लिहिलंय. आपल्याकडे एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलेली किती पोरं तासाच्या पैशांवर राबतायत किंवा दुसरंच काही करतायत. क्लास कितीही चांगला असला तरी तिथे ज्याला परवडतं तोच येणार, शाळेत मात्र बाकावर सगळेच असतात.

पुढच्या पालकसभेत मी चाचणीच्या आठवड्यातसुद्धा चित्रकलेचा तास चित्रकलेलाच राहावा असं लेखी देणार आहे. तिघी तयार आहेत सही करायला, आणखी कुणी येत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. आणि क्लासची नवीन बॅच जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, आधी फोन करून या, सर दुपारी फोन उचलत नाहीत.